कारागिरांचे मंडळ आणि मंडळातील कारागीर

१८९५ साली अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यात, अ‍ॅशव्हिल शहराजवळच्या ब्रिटन्स कोव्ह नावाच्या दरीत, एका शेजारणीने फ्रान्सिस गुडरिच या मिशनरी बाईंना एक जुना पलंगपोस भेट दिला. पलंगपोस हातमागावर विणलेला होता. पांढुरक्या जमिनीवर तपकिरी लोकरीची नक्षी होती, आणि त्या नक्षीला डोंगरातील बायका ‘दुहेरी फासगाठ’ अशा अर्थाचे नाव देत. गुडरिचबाई येल विद्यापीठात चित्रकला शिकलेल्या होत्या. चांगल्या वस्तूची पारख त्यांना होती. शेजारपाजारच्या बायकांना चार पैसे मिळतील असे एखादे काम काढावे, हा विचार त्यांच्या मनात घोळत होताच. त्या पलंगपोसाने त्याला दिशा दिली. बाईंनी तो उत्तरेकडील आपल्या स्नेह्यांना दाखविला, तेव्हा असे आणखी मिळतील काय, अशी विचारणा झाली.

विचारणा झाली खरी. पण विणणार कोण? गिरणीचे स्वस्त कापड डोंगरात येऊन पोहोचले त्याला बराच काळ लोटला होता. माग मोडून माळ्यावर नाहीतर गोठ्यात पडले होते. नक्षीचे आराखडे कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर खुणांनी लिहिलेले असत, आणि त्या खुणा वाचणाऱ्या बायका आता थोड्या व म्हाताऱ्या उरल्या होत्या. शिवाय काम सोपे नव्हते. मेंढीची लोकर कातरावयाची, धुवावयाची, पिंजावयाची, कातावयाची. अक्रोडाची टरफले किंवा ओकची साल उकळून ती रंगवावयाची. मग शेकडो उभे धागे एकेक करून मागावर ओवावयाचे. आणि हे सारे शेती, गुरे आणि पोरेबाळे सांभाळून. एका पलंगपोसामागे किती दिवस जात, याचा हिशेब कोणी ठेवीत नसे, कारण त्या दिवसांना बाजारात भाव नव्हता.

गुडरिचबाईंनी अशा बायका शोधून काढल्या, माग दुरुस्त करविले, तरुण मुलींना म्हाताऱ्यांच्या हाताखाली बसविले. १८९७ साली अ‍ॅलनस्टँड या आडवळणाच्या खेड्यात त्यांनी या कामाला रीतसर रूप दिले, आणि १९०८ साली अ‍ॅशव्हिल शहरात दुकान उघडले. माल डोंगरात होई, विक्री शहरात होई, आणि या दोहोंच्या मध्ये बाई उभ्या असत. लोकर किती द्यावयाची, नक्षी कोणती घ्यावयाची, मजुरी किती द्यावयाची, कोणाचा पलंगपोस परत करावयाचा, हे सर्व त्याच ठरवीत. त्यात त्यांचा स्वार्थ कवडीचाही नव्हता. परंतु निःस्वार्थी माणसाने दुसऱ्याच्या धंद्याचा कारभार पाहिला म्हणजे तो धंदा कोणाचा, हा प्रश्न सुटत नाही. पुढे याच प्रश्नाभोवती अ‍ॅपलॅचियन पर्वतातील कारागिरांच्या संस्थेचा इतिहास फिरत राहिला.

मेरिलँडपासून अलाबामापर्यंत नऊ राज्यांतून पसरलेला हा दक्षिणेकडील डोंगराळ प्रदेश. दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली घरे, उताराची हलकी जमीन, पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या वाटा. उत्तरेकडील सुशिक्षित वर्गाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मुलखाचा जणू नव्याने शोध लागला. मिशनरी आले, शिक्षिका आल्या, आणि शाळेच्या जोडीला कोठे विणकाम, कोठे लाकूडकाम, कोठे टोपल्या असे उद्योग सुरू झाले. केंटकी राज्यातील बेरिया कॉलेजात तर गरीब आया घरी विणलेले पलंगपोस देऊन मुलांची फी भागवीत. कॉलेजचे अध्यक्ष विल्यम फ्रॉस्ट यांनी त्यातून एक व्यवस्थित खातेच उभे केले. लूसी मॉर्गन नावाची शिक्षिका १९२३ साली याच बेरियात जाऊन विणकाम शिकून आली, आणि उत्तर कॅरोलायनातील पेनलंड येथे तिने घरोघर माग नेऊन दिले. १९२६ साली शेजाऱ्यांनी ओंडके रचून विणकरणींसाठी एक झोपडीवजा घर बांधून दिले. ते घर लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढची महत्त्वाची बैठक तेथेच भरली.

ऑलिव्ह कॅम्बेल यांची गोष्ट निराळी. त्यांचे पती जॉन कॅम्बेल यांनी डोंगरी लोकजीवनाची पाहणी करण्यात आयुष्य वेचले. १९१९ साली ते वारल्यावर बाईंनी त्यांचा अपुरा राहिलेला ग्रंथ पुरा केला, डेन्मार्कमधील लोकशाळा पाहून आल्या, आणि १९२५ साली ब्रासटाउन या खेड्यात पतीच्या नावाने तशीच शाळा काढली. तेथील एका दुकानासमोर रिकामटेकडे पुरुष बाकावर बसत आणि खिशातील चाकूने हाताला लागेल ते लाकूड, वेळप्रसंगी तो बाकसुद्धा, तासत राहत. त्या छिललेल्या बाकाकडे पाहून कॅम्बेलबाईंना वाटले की, या हातांत कसब आहे, त्याला फक्त काम पाहिजे. ब्रासटाउनचे कोरीव लाकडी प्राणी पुढे देशभर गेले, त्याचे मूळ त्या बाकात आहे. डॅनिश लोकशाळेचा एक दंडक असा की, शिकविणाराने शिकणाऱ्यावर सत्ता गाजवू नये. हा दंडक शाळेत पाळणे सोपे, व्यापारात कठीण.

डिसेंबर १९२८ मध्ये पेनलंडच्या त्या ओंडक्यांच्या घरात ही मंडळी एकत्र जमली. गुडरिचबाई होत्या, कॅम्बेलबाई होत्या, यजमान लूसी मॉर्गन होत्या, अ‍ॅशव्हिल येथे विणकामाचे केंद्र चालविणाऱ्या क्लेमंटाइन डग्लस होत्या. न्यूयॉर्कच्या रसेल सेज फाउंडेशनचे अ‍ॅलन ईटन होते. ईटन हा मोठा सरळ मनाचा मनुष्य. पहिल्या महायुद्धाच्या काळात एका शांततावादी सभेस हजर राहिल्याच्या कारणावरून ऑरेगन विद्यापीठातील नोकरी गमावलेला. हस्तव्यवसाय म्हणजे दयेचा विषय नव्हे, तो सौंदर्याचा आणि पोटाचा विषय आहे, अशी त्यांची धारणा होती. प्रत्येक केंद्राने वेगवेगळे दुकान मांडण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक संस्था काढावी, मालाचा दर्जा ठरवावा, बाजार शोधावा, असा विचार तेथे निघाला. १९२९ साली आणखी एक बैठक झाली, आणि १९३० च्या वसंतात नॉक्सव्हिल येथे संस्थेची रीतसर स्थापना झाली. ‘सदर्न माउंटन हँडिक्राफ्ट गिल्ड’ हे तिचे पहिले नाव. १९३३ साली ‘माउंटन’च्या जागी ‘हायलंड’ हा शब्द आला.

नॉक्सव्हिलला ही स्थापना झाली ती ‘दक्षिणेकडील पर्वतीय कार्यकर्त्यांच्या परिषदे’च्या अधिवेशनाच्या निमित्ताने. परिषदेच्या इंग्रजी नावात शब्द आहे ‘वर्कर्स’. आज कोणीही त्याचा अर्थ कामकरी असाच करील. परंतु तेथे तो अर्थ नव्हता. पर्वतात राहून काम करणारे ते ‘वर्कर्स’ नव्हेत, तर पर्वतीय लोकांत काम करावयास बाहेरून आलेले ते ‘वर्कर्स’. एका शब्दात सगळी परिस्थिती सामावली आहे.

‘गिल्ड’ या शब्दाचेही तसेच. मध्ययुगीन युरोपात गिल्ड म्हणजे त्या त्या धंद्यातील उस्ताद लोकांची स्वतःची संघटना. तीत शिंप्याचा कारभार शिंपी पाही आणि सोनाराचा सोनार. आपल्याकडे यालाच श्रेणी म्हणत. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी त्याने भिक्षूंच्या खर्चासाठी ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले, ते गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे २००० आणि दुसरीकडे १०००, आणि व्याजाचा दरही ठरवून दिला. राजघराण्यातील पुरुषाने विणकरांच्या हाती धर्मादायाचा पैसा विश्वासाने सोपवावा, एवढी त्यांच्या मंडळांची पत होती. पेनलंडच्या बैठकीत गिल्ड हा शब्द घेतला गेला, पण ज्या अर्थाने तो जन्मला त्या अर्थाने नव्हे. संस्थेच्या सभासदांत प्रथम भरणा होता तो शाळांचा आणि केंद्रांचा. काही कारागीर स्वतःच्या नावाने सभासद असले तरी कारभाराची सूत्रे केंद्रचालकांच्या हाती होती.

याचा दोष सरसकट त्या बायांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. डोंगरातील विणकरणीला नॉक्सव्हिलपर्यंत जावयाचे म्हणजे घोड्यावरून, मग मोटारीतून, मग आगगाडीतून, दोन दिवसांचा प्रवास; तिकिटाचे पैसे कोणाचे? घरची गाय कोण दोहील? बैठकीचे इतिवृत्त, घटना, ठराव, उपसूचना ही भाषा तिची नव्हती. संस्थेची पत्रे लिहिणे, प्रदर्शने भरविणे, हिशेब तपासणे हे काम बिनपगारी होते आणि ते करावयास ज्याच्यापाशी रिकामा वेळ आहे असाच मनुष्य पाहिजे होता. मंडळावर फुकट काम करणे ही एक प्रकारची चैन आहे, आणि रोज विणले नाही तर रोज मिळत नाही अशा माणसाला ती परवडत नाही. आपल्याकडील गावोगावच्या मंडळांचा व वाचनालयांचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला असेल त्यांना हे निराळे सांगावयास नको.

शिवाय या बायांची उदारताही खोटी नव्हती. १९३१ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, गुडरिचबाईंनी आपले अ‍ॅलनस्टँडचे दुकान, त्याचा नावलौकिक आणि गिऱ्हाइकांसकट, गिल्डला देऊन टाकले. मोबदला घेतला नाही. त्याच वर्षी त्यांचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. नव्या संस्थेला त्यामुळे एका झटक्यात चालते दुकान मिळाले.

पण जो मनुष्य देतो तो आवडनिवडही ठरवितो. डोंगरातील बायकांना दुकानात मिळणारे विलायती रंग आवडू लागले होते. लाल म्हणजे लालभडक, निळा म्हणजे गडद निळा. घरात अंधार, बाहेर हिवाळा. डोळ्यांना थोडी ऊब कोणाला नको? केंद्रांतून मात्र शिकवण मिळे ती साल, टरफले आणि मुळे यांच्या फिक्या, शांत रंगांची, कारण शहरी गिऱ्हाइकाला ‘जुने’ पाहिजे होते. घरातील मोठ्या पलंगपोसाच्या जागी टेबलावरील छोटे आसन, दाराचे पडदे, हातपिशव्या असा सुटसुटीत माल विणला जाऊ लागला. विणकरणीची आजी ज्या वस्तू कधी विणत नव्हती, त्या वस्तू ‘परंपरेच्या’ म्हणून विकल्या जात. १९८३ साली डेव्हिड व्हिस्नंट या इतिहासकाराने या साऱ्या सांस्कृतिक उद्धारकार्यावर कठोर टीका केली. बाहेरच्यांनी डोंगराची एक आवडती प्रतिमा तयार केली आणि डोंगराकडून ती विणून घेतली, असा त्याच्या टीकेचा रोख आहे. टीका बरीचशी खरी आहे. तथापि तिच्यात एक गोष्ट निसटते. ही प्रतिमा नसती तर माग माळ्यावरच राहिले असते, आणि मुली गिरणीत गेल्या असत्या.

खरा पेच मात्र रंगांचा नव्हता, मजुरीचा होता. महामंदीच्या काळात सरकारच्या मजूर खात्यातील महिला विभागाने या डोंगरी हस्तव्यवसायांची पाहणी करविली. बर्था नीनबर्ग यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९३५ साली निघाला. घरी बसून विणणाऱ्या, शिवणाऱ्या बायकांची कमाई अगदी तुटपुंजी आहे, आणि विक्रीची व्यवस्था विस्कळित आहे, हे त्यात स्पष्ट दिसले. जी केंद्रे मदतीसाठी निघाली, त्यांच्याच वहीखात्यांतून हे दिसावे, हे अनेकांना बोचले असणार. त्याच वर्षी टेनेसी खोऱ्याच्या विकासासाठी स्थापन झालेल्या सरकारी प्राधिकरणाच्या पाठबळाने ‘सदर्न हायलँडर्स’ नावाची विक्रीसंस्था निघाली. नॉरिस धरणापाशी आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये तिची दुकाने होती. तीत आणि गिल्डमध्ये माणसे बरीचशी तीच, ओढाताण मात्र दोन संस्थांची. अखेर युद्धानंतर दोन्ही एक झाल्या.

१९३८ साली किमान वेतनाचा कायदा आला: तासाला २५ सेंट. कारखान्याला हा कायदा समजला. पण चुलीजवळ माग ठेवून, मधूनच उठून भाकर भाजणाऱ्या बाईचे तास कोणी मोजावयाचे? ती केंद्राची मजूर की स्वतंत्र कारागीर? मजूर म्हटले तर केंद्राला तिला कायद्याप्रमाणे वेतन द्यावे लागे, आणि पलंगपोसाची किंमत कोणाला परवडेना. स्वतंत्र म्हटले तर मग तिचा माल तिच्या नावाने विकला पाहिजे, आणि संस्थेत तिला मत पाहिजे. चाळीस वर्षे ज्या प्रश्नाला सौजन्याने बगल दिली जात होती, तो एका कायद्याने असा उघडा पाडला. चर्चा पुष्कळ झाली. एका ठरावाने सुटेल असा तो प्रश्न नव्हता.

त्याच पर्वतात दुसऱ्या एका समाजाने तोवर वेगळी वाट धरली. चेरोकी हे त्या डोंगरांचे मूळचे रहिवासी. नदीकाठच्या वेताच्या आणि पांढऱ्या ओकच्या पट्ट्यांच्या त्यांच्या टोपल्या, अक्रोडाच्या व इतर मुळांच्या रंगांत रंगविलेल्या, दुहेरी विणीच्या, पाणी गळणार नाही अशा घट्ट. यांना बाजार होता, पण नफा दुकानदारांच्या घरी जाई. १९४६ साली चेरोकी कारागिरांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. ती पुढे ‘क्वाला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्युच्युअल’ या नावाने ओळखली गेली. येथे सभासद तेच कारागीर, मालक तेच, आणि नवा माल घ्यावयाचा की नाही हे ठरविणारेही तेच. हिवाळ्यात प्रवासी येत नाहीत तेव्हाही कारागिराकडून माल घेऊन ठेवावयाचा, हे तिचे मोठे बलस्थान. हे कलम एखाद्या हितचिंतक मंडळाला सुचले नसते असे नव्हे. पण फेब्रुवारीत घरात पीठ नसणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक त्याला ते आधी सुचते.

गिल्डमध्ये बदल आला तो ठरावाने कमी, जत्रेने अधिक. जुलै १९४८ मध्ये टेनेसीतील गॅटलिनबर्ग येथे, एका शाळेच्या पटांगणात तंबू ठोकून, गिल्डने कारागिरांचा पहिला मेळा भरविला. तोपर्यंत गिऱ्हाईक वस्तू पाही, करणारा त्याला दिसत नसे. वस्तूवर चिठ्ठी असे ती केंद्राची. मेळ्यात टोपल्या विणणारी, चाकावर मडके घडविणारा, खुर्चीची बैठक विणणारा, ही माणसे लोकांसमोर बसली. लोक वस्तू घेताना नाव विचारू लागले. पुढच्या वर्षी त्याच माणसाला शोधीत परत येऊ लागले. ज्याच्या नावावर माल खपतो त्याला मंडळात जागा नाकारणे अवघड जाते. वैयक्तिक सभासदांची संख्या वाढत गेली, आणि नियामक मंडळात केंद्रचालकांच्या बरोबरीने हाताने काम करणारे लोक दिसू लागले.

खुर्ची मिळाली, पण ती सुखाची नव्हती. मंडळावरील कारागिराचा एक दिवस बैठकीत गेला म्हणजे त्या दिवशी त्याचे चाक फिरत नाही, माग चालत नाही. त्याहून जड काम दर्जा-समितीचे. गिल्डचा सभासद व्हावयाचे तर आपल्या कामाचे नमुने परीक्षकांपुढे ठेवावे लागतात, आणि परीक्षक हेही स्वतः कारागीरच असतात. खुर्ची उलटी करून तिचे सांधे पाहावयाचे. मडक्याच्या बुडाशी बोट फिरवावयाचे. कापडाची कड दोन्ही बाजूंनी सारखी आहे की ओढली गेली आहे ते पाहावयाचे. आणि जमले नसेल तर ‘नाही’ म्हणावयाचे. मिशनरी बाईंनी ‘नाही’ म्हटले तर ती परकी असल्याचे समाधान तरी मिळे. येथे ‘नाही’ म्हणणारा कदाचित पलीकडच्या दरीतला, त्याच बाजारात त्याच गिऱ्हाइकाला माल विकणारा. त्याचा निर्णय मत्सराचा नाही कशावरून? कारागिरांनी कारागिरांचा न्याय करणे हे स्वराज्य आहे. स्वराज्याला असतात त्या सर्व कटकटी त्यात आल्या.

आणि एक वळण असे आले की, त्याची १९२८ च्या बैठकीत कोणी कल्पना केली नसेल. युद्धानंतर सैनिकांना सरकारी खर्चाने शिक्षण मिळाले; विद्यापीठांतून कुंभारकाम, धातुकाम, विणकाम यांच्या पदव्या मिळू लागल्या. लूसी मॉर्गनच्या विणकरणींपासून निघालेली पेनलंडची शाळा १९६० नंतर देशभरच्या अशा तरुण कलावंतांचे माहेरघर झाली. काचकामाचे प्रणेते हार्वे लिटल्टन विद्यापीठातील नोकरी सोडून त्याच परिसरात येऊन राहिले. गिल्डमध्ये असे लोक मोठ्या संख्येने आले. त्यांचे काम उत्तम होते. ते स्वतःच्या हातांनी करीत होते. ते मंडळावर निवडून येत आणि तेथे नीट बोलूही शकत. म्हणजे खुर्ची अखेर कारागिराला मिळाली. फक्त तो कारागीर बऱ्याच वेळा शिकागोहून किंवा न्यूयॉर्कहून आलेला असे, आणि दुहेरी फासगाठ विणणाऱ्या म्हातारीची नात तेव्हा एखाद्या कारखान्यात पाळीवर असे. बाहेरून आलेला सेवक जाऊन बाहेरून आलेला कारागीर आला, असे कोणी म्हटले तर ते अर्धेच खरे आहे. यांपैकी कित्येक तेथेच राहिले, तेथेच म्हातारे झाले, आणि त्यांची मुले त्या डोंगरांची झाली. परंतु अर्धे खरे आहे, हेही नाकारता येत नाही.

निवडून आलेले मंडळ आणि नेमलेले मंडळ यांतील फरक आपल्याकडच्या एका उदाहरणाने अधिक उघड होतो. स्वतंत्र भारतात १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले. मंगळूरला सारस्वत घरात जन्मलेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्ष. देशभर हिंडून त्यांनी विझत चाललेल्या कितीतरी कला धुंडाळल्या. १९६४ साली न्यूयॉर्क येथे एलीन ऑस्बर्न वेब यांच्या पुढाकाराने जागतिक हस्तकला परिषद स्थापन झाली, तेव्हाही त्या अग्रभागी होत्या. गुडरिचबाईंच्या पिढीची निःस्वार्थ सेवावृत्ती आणि राजकीय लढ्यात तावून निघालेली दृष्टी यांचा त्यांच्या ठायी संगम होता. पण त्यांचे मंडळ सरकारने नेमलेले, सल्ला देणारे. त्यावर बिनसरकारी सभासद असत, तरी त्यांना कोणा विणकराने वा कुंभाराने निवडलेले नसे. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारने एका अधिसूचनेने ते रद्द केले; काही दिवस आधी हातमाग मंडळाचीही तीच गत झाली होती. अडुसष्ट वर्षांच्या संस्थेला निरोप द्यावयास एक कागद पुरला. जे सभासदांच्या मतांवर उभे असते ते असे एका सहीने मोडता येत नाही. मात्र ते उभे ठेवण्याचा भारही त्या सभासदांवरच पडतो, हे ओघाने आले.

गिल्डला आता शंभर वर्षे होत आली. नऊ राज्यांतील २९३ डोंगरी परगण्यांतून तिचे आठशेहून अधिक सभासद आहेत. १९८० साली अ‍ॅशव्हिलजवळ, पर्वताच्या धारेवरून जाणाऱ्या ब्लू रिज मार्गावर, राष्ट्रीय उद्यान खात्याच्या सहकार्याने तिचे ‘फोक आर्ट सेंटर’ उभे राहिले, आणि गुडरिचबाईंचे अ‍ॅलनस्टँडचे दुकान तेथे आले. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलेन वादळाने या मुलखात हाहाकार केला. अ‍ॅशव्हिलच्या नदीकाठच्या कलावस्तीत पुराचे पाणी शिरून कित्येकांच्या कार्यशाळा, भट्ट्या आणि वर्षभराचा माल वाहून गेला. दरडी कोसळून पर्वतमार्ग बंद पडला, आणि त्यावरचे हे केंद्रही काही काळ बंद ठेवावे लागले. पानगळीचे रंग पाहावयास प्रवासी येतात तो ऑक्टोबर महिना म्हणजे तेथील विक्रीचा ऐन हंगाम. तो हंगाम गेला. पुढे रस्त्याचा तो भाग मोकळा झाला आणि केंद्र उघडले. १९३१ साली दुकानाबरोबर गुडरिचबाईंनी दिलेले जुने विणकाम आणि इतर वस्तू याच केंद्राच्या संग्रहात आहेत.